दोन-तीनशे रुपयांची निळी बाटली आणि कोकणातला घाम

हर्णैला मासळीचा लिलाव चालू असताना किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात सकाळी उभं राहिलं, की समुद्राला वास कसला येतो हे कुणी सांगावं लागत नाही. ओली जाळी, डिझेल, वितळणारा बर्फ, वाळत घातलेले बोंबील, ओहोटीला उघडा पडलेला चिखल. बाजारपेठेतल्या दुकानात मात्र काचेखाली एक निळी बाटली असते. तिच्यावर लाटेचं चित्र असतं, नावात ‘ओशन’, ‘अक्वा’, ‘मरीन’ असं काहीतरी असतं. झाकण काढून हुंगलं तर यातलं काहीच येत नाही. येतो तो चिरलेलं कलिंगड, लिंबाची साल, नुकती धुतलेली चादर आणि किंचित पुदिना असा गार वास. तरीही नाक म्हणतं, समुद्र! समुद्राच्या काठी जन्म काढलेल्या माणसाचं नाकसुद्धा तेच म्हणतं.

सेंटच्या धंद्यात या जातीला ‘अक्वाटिक’ म्हणतात. कोकणात दोन-तीनशे रुपयांच्या बाटल्यांत ही जात बऱ्याच जणांची पहिली पसंती असते, आणि ती पसंती चुकीची नाही. स्वस्तात घ्यायचाच असेल तर सर्वांत कमी फसगत याच जातीत होते. असं का, ते समजायला आधी खरा समुद्र आणि बाटलीतला समुद्र वेगळे करायला हवेत.

खऱ्या समुद्राच्या वासात गंधकाचा वाटा मोठा. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींपासून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. खारे वारे सुटले की किनाऱ्यावर जो ‘दर्याचा’ वास येतो, त्यात हा असतो. समुद्री शेवाळांमध्ये ब्रोमोफेनॉल असतात. ताज्या कोळंबीला जी किंचित औषधी, आयोडीनसारखी झाक असते ती त्यांची. खाजणातल्या चिखलात हवा पोचत नाही, तिथले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. यातलं काही कुणी मानेला लावून लग्नाला जाणार नाही. म्हणून सेंट बनवणाऱ्यांनी समुद्राची नक्कल केलीच नाही. त्यांनी समुद्राची कल्पना बनवली: गार, ओली, स्वच्छ, मोकळी.

त्या कल्पनेचा पाया म्हणजे कॅलोन नावाचं रसायन. १९६६ साली फायझर या औषध कंपनीच्या संशोधकांना ते मन शांत करणाऱ्या औषधांच्या शोधात सापडलं. पांढरे स्फटिक. त्याची रचना तपकिरी शेवाळं प्रजननासाठी पाण्यात जी गंधद्रव्यं सोडतात त्यांच्याशी मिळतीजुळती आहे, त्यामुळे शिंपल्याची, खाऱ्या हवेची झाक त्यात येते. पण नाकाला आधी जाणवतं ते कलिंगड. भातकापणीनंतर रायगड-रत्नागिरीत कलिंगडाची लागवड होते, त्यातलं एक पिकलेलं फळ फोडा आणि लाल गराजवळ नको, सालीकडच्या पांढुरक्या भागाजवळ नाक न्या. त्या वासाच्या जवळपास कॅलोन आहे. अत्तर भरपूर घालायचं ही आपली समजूत इथे उलटी पडते. कॅलोन इतकं जोरकस आहे की मिश्रणात ते साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी घालतात. जास्त झालं तर कलिंगड जाऊन शिळे शिंपले उरतात.

जवळजवळ वीस वर्षं हे रसायन फारसं कुणी वापरलं नाही. १९८८ मध्ये अरामिसच्या ‘न्यू वेस्ट’मध्ये ते ठळकपणे आलं, १९९२ च्या इस्से मियाकेच्या ‘लो दिस्से’ने आणि १९९६ च्या अर्मानीच्या ‘अक्वा दी जिओ’ने ही जात जगभर नेली. १९८८ सालीच दाविदॉफचा ‘कूल वॉटर’ आला, पिएर बूर्दों यांनी बनवलेला. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त निळ्या बाटल्या या दोन-तीन नावांचीच चुलत नातवंडं आहेत.

‘कूल वॉटर’चा जोर मुख्यतः दुसऱ्या एका रसायनावर आहे, आणि स्वस्ताईचं गुपितही तिथेच आहे. त्याचं नाव डायहायड्रोमिर्सेनॉल. लिंबू, लॅव्हेंडर आणि थोडंसं धातूसारखं गार असा त्याचा वास. ते पाइनच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतं आणि गंधद्रव्यांच्या हिशोबात अतिशय स्वस्त पडतं. त्यामुळे ते सेंटमध्ये असतं तसंच साबणात, कपड्यांच्या पावडरीत, फरशी पुसायच्या द्रवातही असतं. ‘धुतल्यासारखा’ वास आपल्याला जो ओळखीचा वाटतो तो यामुळे. नाकाने वर्षानुवर्षं हा वास स्वच्छतेशी जोडून ठेवलेला असतो. त्यामुळे कुणी तो लावून आलं की आंघोळ करून आल्यासारखं वाटतं.

उरलेली भरती थोड्याच मालाची असते. हेडिऑन म्हणजे लांबून वाऱ्यावर आलेल्या जाईसारखा वास. तो स्वतः फार बोलत नाही, पण सगळ्या मिश्रणाला मोकळी हवा देतो. काकडीची झाक देणारी अल्डिहाइडं असतात. मोठं हिरवं तवसं चिरताना पहिल्या फोडीला जो वास सुटतो तो ज्या रेणूचा आहे, त्याच्याच जवळची ही मंडळी. खाली टिकायला गॅलॅक्सोलाइडसारखे कृत्रिम कस्तुरीगंध, थोडा लाकडी गंध आणि अँब्रॉक्सान नावाचं कारखान्यात बनणारं गंधद्रव्य.

आता खरी गोष्ट. वेंगुर्ल्याकडच्या माणसाला सुरंगीचा गजरा माहीत असतो, सोनचाफा, बकुळ, केवडा परसात नाहीतर वाटेवर भेटलेला असतो. त्याला दोनशे रुपयांचा ‘चाफा’ हुंगायला दिला तर तो एका क्षणात सांगेल की हा चाफा नव्हे. मूळ नाकात बसलेलं असतं, नक्कल उघडी पडते. चंदन, ऊद, गुलाब यांचंही तेच. अस्सल माल महाग, आणि तो नसला की रिकामी जागा कळते. अक्वाटिकला असं मूळच नाही. कलिंगड, चादर, लिंबू आणि गार हवा यांचं हे मिश्रण निसर्गात कुठेही एकत्र मिळत नाही, ते पहिल्या दिवसापासून कारखान्यातलंच आहे. पाच हजारांच्या बाटलीतही कॅलोन आणि डायहायड्रोमिर्सेनॉलच आहे, अडीचशेच्या बाटलीतही तेच. महागातल्या मालाची जागा घ्यायला स्वस्तात काही वेगळं घालावं लागत नाही.

फरक नाही असं मात्र नाही. फुलांचा आणि लिंबांचा नैसर्गिक अर्क महाग बाटलीत थोडा का होईना असतो, त्यामुळे पहिली दहा मिनिटं गोलाई असते. स्वस्तात ती दहा मिनिटं टोचरी असतात, अल्कोहोल आणि धातूचा भपका येतो. दुसरा फरक शेवटाला. चार तासांनी अंगावर काय उरतं ते खालच्या मालावर ठरतं, आणि काटकसर तिथेच केली जाते. स्वस्त अक्वाटिक वाईट असेल तर शेवटी कपड्याच्या पावडरीचा सपाट वास उरतो. चांगला असेल तर हलकी, स्वच्छ कस्तुरी. म्हणजे परीक्षा सुरुवातीची नव्हे, शेवटाची घ्यायची.

पैशांचा हिशोबही मांडून पाहू. समजा १०० मिलीची बाटली ३०० रुपयांना आहे. साध्या पंपाचा एक फवारा साधारण ०.१ मिली, म्हणजे बाटलीत हजार फवारे, एका फवाऱ्याला ३० पैसे. रोज चार मारले तर दिवसाला १ रुपया २० पैसे आणि बाटली २५० दिवस. पण हा हिशोब गॅस नसलेल्या बाटलीचा. गॅसच्या डब्यात, म्हणजे डिओ किंवा बॉडी स्प्रेमध्ये, मोठा हिस्सा वायूचा असतो आणि सुगंधी तेल बरंच कमी. डबा मोठा दिसतो, संपतो लवकर. बाटलीवर ‘ओ द तोआलेत’ लिहिलं असेल तर तेल ढोबळमानाने ५ ते १५ टक्के धरा, ‘ओ द पार्फम’ला १५ ते २०, ‘कोलोन’ला २ ते ५. स्वस्त मालावर हे शब्द नेहमी मोजून लिहिलेले नसतात, पण ‘परफ्यूम स्प्रे’ आणि ‘बॉडी स्प्रे’ यांतला फरक तरी बघून घ्यावा. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची मुदत आणि एमआरपी छापलेली नसेल तर ती बाटली घेऊ नये. आत कुठलं अल्कोहोल आहे याचा भरवसा तिथे नाही.

कोकणातल्या हवेत

एप्रिल-मेच्या दुपारी तापमान नागपूरइतकं चढत नाही, पण हवेत ओल इतकी असते की घाम वाळत नाही. अंगावर चिकचिक राहते. अशा वेळी ऊद, चंदन, व्हॅनिला, केवडा असे जड वास उष्णतेने फुगतात आणि बंद एसटीत शेजारच्याला डोकं धरायला लावतात. अक्वाटिक हलका असल्याने फुगला तरी गुदमरवत नाही. शिवाय गारवा निव्वळ मनाचा नसतो. अल्कोहोल उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं, ते काही सेकंद खरोखर गार वाटतं. मिश्रणात पुदिन्याचा अर्क असला तर त्यातलं मेंथॉल कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतं. टीआरपीएमएट नावाचा हा ग्राही शोधण्याचं काम २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमागच्या संशोधनात येतं. तापमान तेच राहतं, मेंदूला मात्र थंडीचा निरोप जातो.

याच हवेची दुसरी बाजू टिकण्याची. उष्णतेने वरचे हलके रेणू भराभर उडतात आणि घाम उरलेलं धुऊन नेतो. थंड, कोरड्या हवेत पाच-सहा तास टिकणारा अक्वाटिक मे महिन्यात दापोलीत दोन-तीन तासांत इतका मंदावतो की अंगाजवळ नाक नेल्याशिवाय कळत नाही. ‘माल बोगस निघाला’ असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं. त्यावर उपाय जास्त फवारे मारणं हा नाही. जास्त मारलं की पहिला अर्धा तास कर्कश होतो, शेवट तेवढाच राहतो. बाटलीतलं थोडं छोट्या ५ मिलीच्या स्प्रेमध्ये भरून खिशात ठेवावं आणि दुपारी तोंड-मान धुऊन, पुसून पुन्हा दोन फवारे मारावेत.

मारायची पद्धत अशी. आंघोळीनंतर अंग नीट कोरडं करा. ओल्या कातडीवर मारलं तर पाण्याबरोबर ओघळतं, घामावर मारलं तर घामाचा आंबट वास आणि सेंट मिळून तिसराच, दोन्हींपेक्षा वाईट वास तयार होतो. काखेत सेंट मारू नये. ते जीवाणू मारण्याचं साधन नव्हे, तिथे साबण आणि डिओ. कातडी फार कोरडी असेल तर छातीवर आणि मानेमागे खोबरेल तेलाचे दोन थेंब पसरून चोळा, पाच मिनिटांनी मारा. तेलाचा पातळ थर रेणू धरून ठेवतो. घाण्याच्या तेलाला स्वतःचा वास असतो, पण नारळ आणि अक्वाटिक यांचं छान जमतं, उलट केसांच्या सुवासिक तेलाशी अजिबात जमत नाही. बाटली १५ ते २० सेंटिमीटर लांब धरून एक मानेमागे, एक छातीवर, एक सदऱ्याच्या आतल्या बाजूला, हवा तर चौथा कोपराच्या खोबणीत. मनगटं एकमेकांवर घासू नका, घर्षणाने वरचा वास लवकर उडतो. सुती कापडावर वास कातडीपेक्षा जास्त टिकतो. रेशमी साडी, पांढरा झब्बा, मोती आणि नकली दागिने यांवर मात्र मारू नये, डाग पडतो, चकाकी जाते. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून गणपतीत समई-निरांजनाजवळ, आरतीला उभं राहून फवारा मारणं कटाक्षाने टाळावं.

अर्ध्या तासात स्वतःला वास येईनासा होतो. याचा अर्थ तो गेला असा नाही. नाक सतत येणाऱ्या वासाकडे दुर्लक्ष करायला शिकतं. कृत्रिम कस्तुरीचे काही रेणू तर अनेकांना जन्मतःच जाणवत नाहीत. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा, मगच पुन्हा मारा.

मासळीचा वास आणि सेंट

मासे साफ केल्यावर हाताला सेंट मारणं ही सगळ्यात वाया जाणारी युक्ती. समुद्री माशाच्या अंगात एक बिनवासाचं संयुग असतं, मासा मेल्यावर जीवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात. हा वास झाकला जात नाही, मोडावा लागतो. तो अल्कधर्मी आहे, त्यामुळे आंबटाने मोडतो: आम्लाशी जोडला की त्याचा क्षार बनतो आणि क्षार उडत नाही, मग नाकापर्यंत पोचतच नाही. दोन-तीन आमसुलं पाण्यात कुस्करून किंवा लिंबाची फोड घेऊन हात, नखांच्या कडा मिनिटभर चोळा, मग साबण लावून गार पाण्याने धुवा. सेंटची बाटली त्यानंतर. सार-कढीत कोकम टाकण्यामागे चवीइतकंच हेही रसायन आहे.

पावसातल्या कपड्यांचंही असंच. जुलैत चार दिवस न वाळलेल्या सदऱ्याला जो कुबट वास येतो तो बहुतांशी मोराक्झेला नावाच्या जीवाणूंचा उद्योग. ते धाग्यात बसतात आणि साध्या धुण्याने जात नाहीत, म्हणून इस्त्री केलेला सदरा अंगात घालून घाम आला की पुन्हा दरवळतात. यावर अक्वाटिक मारला तर धुतल्यासारखा वास आणि ओल्या फडक्याचा वास एकाच वेळी येतात, आणि नाकाला फसवणूक लगेच कळते. असे कपडे कापडाला चालेल तितक्या गरम पाण्यात, सुती असतील तर ६० अंशांपर्यंत, भिजवून धुवावेत, घट्ट पिळून पंख्याखाली पूर्ण वाळवावेत आणि गरम इस्त्री फिरवावी. टेरिकॉट आणि पॉलिस्टर घामाचा वास सुतीपेक्षा जास्त धरून ठेवतात, तेव्हा पावसाळ्यात सेंट लावायचा तो सुती सदऱ्यावर.

एक गोष्ट किनाऱ्यावरच्या लोकांनी नीट लक्षात ठेवावी. पूर्वी सेंटला खोली द्यायला अंबरग्रीस वापरत, आपल्याकडे त्याला ‘व्हेलची उलटी’ म्हणतात. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा हा पदार्थ लाटांबरोबर किनाऱ्याला लागू शकतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे. सापडला तर वनविभागाला कळवायचं. सेंटला त्याची गरज उरलेलीही नाही. वर उल्लेखलेलं अँब्रॉक्सान त्याचीच जागा घेतं, आणि ते क्लेरी सेज नावाच्या वनस्पतीतल्या द्रव्यापासून बनतं. ‘यात खरा अंबर आहे’ असं सांगून कुणी निळी बाटली चढ्या भावाने विकत असेल, तर तो एकतर खोटं बोलतोय किंवा गुन्हा कबूल करतोय.

घेताना काय बघावं

एसीच्या दुकानात घेण्यापेक्षा दुपारी, अंगाला थोडी चिकचिक असताना जा. त्या हवेत जो बरा वाटेल तो वर्षभर चालेल. एका वेळी तीनपेक्षा जास्त हुंगू नका, नाक थकतं. कॉफीच्या बिया हुंगल्याने ते ताजं होतं हा समज आहे, स्वतःच्या कोपराची कातडी हुंगली तरी तेवढंच होतं. कागदाच्या पट्टीवर आधी, आवडलेला एक हातावर, आणि लगेच पैसे देऊ नका. पंधरा मिनिटांनी अल्कोहोलचा भपका गेलेला असावा. तासाभराने कलिंगड-काकडी गोड होत असेल पण चॉकलेटसारखी चिकट नसेल तर ठीक. बाजार करून, चहा पिऊन चार तासांनी हाताला जो वास उरतो तो खरा. तो फरशी पुसायच्या द्रवासारखा असेल तर सोडून द्या, त्याच भावात दुसरा मिळेल. कातडीला खाज, लाली आली तर तो कपड्यावरच वापरा किंवा वापरू नका. दमा असलेल्यांनी बंद खोलीत फवारा टाळावा.

घरी आणल्यावर बाटलीची जागा ठरवा. खिडकीत आणि न्हाणीघरात नको. ऊन, उष्णता आणि हवा हे तीन शत्रू. लिंबाच्या वासाचे रेणू हवेने बिघडतात आणि रंगाच्या थिनरसारखा वास येऊ लागतो. निळा रंग उन्हात हिरवट पडला की समजायचं, आतला मालही उतरू लागलाय. खोक्यात घालून लाकडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवली तर दोन-तीन वर्षं सहज जाते. गॅसचा डबा असेल तर तो ५० अंशांवर तापू देऊ नये असं त्याच्यावरच छापलेलं असतं. किनाऱ्यावर उन्हात लावलेल्या बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत हा आकडा गाठला जाऊ शकतो. पोहायला उतरण्याआधी तो डबा पिशवीतून काढून सावलीत घ्यायचा.